‘सगळं छान झालं’ म्हणते, पण मैत्रिणीला खरं काय सांगू?

ताई, मला बाळ होऊन ११ आठवडे झाले. पहिलंच. कोणी विचारलं कसं झालं की मी म्हणते सगळं छान झालं, नॉर्मल झाली. खरं म्हणजे माझं पाणी रात्री २ वाजता गेलं, कळा नव्हत्याच, मग सकाळी ड्रिप लावली, दुपारी ४ सेंटीमीटर, चार तासांनी ५. आधी सगळ्यांना सांगत होते की मी एपिड्युरल (पाठीत देतात ते दुखणं कमी करणारं इंजेक्शन) घेणार नाही, आणि मग रडत रडत मीच मागितलं. दोन तास वीस मिनिटं जोर लावला, शेवटी डोक्याला व्हॅक्युमचा कप लावून बाळ ओढून काढलं, टाके पडले. मी खूप ओरडले. एक सिस्टर म्हणाल्या, एवढं ओरडायला तुला एकटीलाच मूल होतंय का. बाळ छातीवर ठेवलं तेव्हा मला काहीच वाटलं नाही, फक्त वाटलं ह्याला कोणीतरी घ्या, मला झोपू द्या. हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. आता माझी मैत्रीण आठव्या महिन्यात आहे आणि रोज मेसेज करते, खरं खरं सांग ना कसं असतं. खरं सांगितलं तर घाबरेल, खोटं सांगितलं तर माझ्यासारखीच काही माहीत नसताना आत जाईल. काय करू? अजून एक, मायक्रोवेव्हचा बीप ऐकला तरी मला लेबर रूममधला तो मॉनिटर आठवतो आणि हात गार पडतात. हे नॉर्मल आहे का?
– सगळं छान झालं वाली

सगळं छान झालं वाली,

तुला अगं-तुगं करते, चालेल ना. ११ आठवड्यांचं बाळ असताना एवढं मोठं पत्र टाइप केलंस, तेही बहुतेक एका हाताने कारण दुसऱ्या हातावर ते झोपलेलं असणार आणि खाली ठेवलं की उठणार, म्हणजे हे सगळं किती दिवस पोटात घेऊन बसली होतीस ते कळतंय.

आधी मैत्रिणीचं. सांग, खरं सांग. ‘पोटुशी बाईला असलं काही सांगू नये’ हे मला कधीच पटलेलं नाही. ती रोज विचारतेय म्हणजे ती आधीच घाबरलेली आहे, आणि तू टाळतेयस त्यावरून तिने मनात काय काय रचलं असेल ते तुझ्या खऱ्या गोष्टीपेक्षा वाईटच असणार. फक्त सांगायच्या आधी एक कर. तुझ्या पत्रात दोन गोष्टी एकमेकींत अडकल्यात, एक म्हणजे बाळंतपणात जे होतच असतं ते, आणि दुसरी म्हणजे तुला जे ऐकवलं गेलं आणि नंतर तू स्वतःच स्वतःला जे ऐकवत बसलीस ते. पहिली गोष्ट तिला अगदी तपशिलात सांग. दुसरी बाजूला काढून ठेव, ती तुझी आहे, तिच्याकडे मी नंतर येते.

माझं सांगते. मी लेबर रूममध्ये गेले तेव्हा मला एवढंच माहीत होतं की कळ येते, जाते आणि मग बाळ होतं. समोर भिंतीवर एक घड्याळ होतं, त्याचा सेकंदकाटा ९ वर आला की अडखळायचा, क्षणभर तिथेच थरथरायचा आणि मग पुढे सरकायचा. कळ काटा १२ वर असताना सुरू झाली तर तो ९ वर अडखळेपर्यंत ती उतरणीला लागलेली असायची, हे माझ्या कधीतरी लक्षात आलं, मग मी दुसरं काही बघायचंच बंद केलं. डॉक्टर काय बोलतायत, नवरा काय विचारतोय, काही नाही, फक्त तो काटा. मध्ये एकदा नवरा घड्याळासमोर येऊन उभा राहिला तर मी त्याला जे काही बोलले ते इथे छापता येणार नाही.

आणि मग बाळ झालं आणि मला हुडहुडी भरली. साधी नाही, दातावर दात आपटत होते, मांड्या इतक्या थडथडत होत्या की टाके घालणाऱ्या डॉक्टरांना थांबावं लागलं, पाय बर्फ. मला खरंच वाटलं संपलं, आता आपण जातोय. नवऱ्याला म्हणाले पण, बाळाकडे लक्ष दे हं. तो पांढराफटक. आणि सिस्टर माझ्यावर दुसरं ब्लँकेट टाकत अगदी भाजी निवडल्यासारख्या शांतपणे म्हणाल्या, होतं गं असं बऱ्याच जणींना, जाईल थोड्या वेळात. गेलं की खरंच. नऊ महिने मला ज्याने त्याने सल्ले दिले, कुठल्या कुशीवर झोप, काय वाच, काय बघू नकोस, पण ही थंडी वाजते असं एकीनेही सांगितलं नव्हतं, त्याचा राग मला अजून आहे. दुखणं माणूस काढतं गं. ‘हे असंच असतं की माझंच काहीतरी बिघडलंय’ हे न कळणं जास्त खातं.

म्हणून मैत्रिणीला हे न कळणं जेवढं कमी करता येईल तेवढं कर.

कळ कशी ओळखायची इथून सुरू कर. ओळखायची एक सोपी खूण आहे, पोटाला हात लावून बघायचं. नाकाच्या शेंड्याइतकं मऊ लागलं तर काही नाही, हनुवटीइतकं लागलं तर बरी कळ, कपाळासारखं टणक झालं तर जोरदार. खोट्या कळा उठलं-बसलं, चाललं, पाणी प्यायलं की बऱ्याचदा विरून जातात आणि त्यांना वेळेचा धरबंध नसतो, खऱ्या कळा जवळ जवळ येत जातात, लांबत जातात आणि तुम्ही कूस बदला नाहीतर नाचा, त्या येतातच. साधारण दर ५ मिनिटांनी एक, प्रत्येक मिनिटभराची, आणि असं तासभर चाललं की निघा असं बरेच डॉक्टर सांगतात, पण हॉस्पिटल किती लांब, आधीचे काही प्रॉब्लेम आहेत का यावर ते बदलतं, तर तिला म्हणावं तुझ्या डॉक्टरांना हा आकडा आताच विचारून ठेव. आणि काही गोष्टींना थांबायचंच नाही. पाणी गेलं तर वेळ बघायची, रंग बघायचा आणि फोन करायचा, ते हिरवट-तपकिरी असलं, अंगावरून रक्त जायला लागलं किंवा बाळाची हालचाल कमी वाटली तर कळांची वाट न बघता सरळ निघायचं.

तुझं पाणी आधी गेलं आणि कळा आल्याच नाहीत, हे सिनेमात दाखवतात तेवढं कॉमन नाही पण दुर्मिळही नाही, दिवस भरलेल्या १०० बायकांत साधारण ८ जणींचं असं होतं. पाणी गेल्यावर जेवढा वेळ जाईल तेवढी इन्फेक्शनची शक्यता वाढते म्हणून मग कळा आणायला ड्रिप लावतात. आता ड्रिपच्या कळांबद्दल एक गोष्ट तुला कोणी सांगितली नसेल तर मी सांगते. आपोआप सुरू झालेल्या कळा बहुतेक वेळा हळूहळू चढतात, शरीराला सवय व्हायला तास मिळतात. ड्रिपवर ती चढण फार छोटी होते, बऱ्याच जणी सांगतात की एकदम जोरातच सुरू झालं. म्हणजे ज्या बाईने घरी आठ तास येरझाऱ्या घातल्या आणि ‘मी काही न घेता केलं’ म्हणते तिच्या रस्त्याशी तू तुझा रस्ता मोजतेयस आणि स्वतःला नापास करतेयस. रस्ताच वेगळा होता.

पुढचं, ते ४ आणि ५ सेंटीमीटर. हे वाचताना मी जरा उसळलेच, कारण माझ्याही वेळी कोणीतरी खोलीत येऊन ‘अजून पाचच?’ असं म्हणून गेलं होतं, जणू मी अभ्यास केला नव्हता. पहिलटकरणीचं पिशवीचं तोंड उघडण्याआधी ते पातळ व्हावं लागतं, बंद गळ्याचा घट्ट स्वेटर डोक्यातून घालताना आधी गळा ताणून ताणून पातळ होतो आणि मग एकदम डोकं बाहेर येतं ना, तसं. त्या पातळ होण्याच्या वेळात सेंटीमीटरचा आकडा हलत नाही पण काम चालू असतं. तासाला १ सेंटीमीटर हा जो हिशोब सगळीकडे चालतो तो १९५० च्या दशकात फ्रीडमन नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी काढलेल्या आलेखांवरून रूढ झाला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये स्पष्ट सांगितलं की हा वेग सगळ्या बायकांना लावणं बरोबर नाही, खऱ्या जोराच्या कळांचा टप्पा ५ सेंटीमीटरपासून धरा, त्याच्या आधीचा वेळ प्रत्येकीचा वेगळा असतो, आणि पहिलटकरणीला ५ पासून पूर्ण १० उघडायला साधारण १२ तासांपर्यंत लागू शकतात. म्हणजे तू जेव्हा ‘आपल्याच्याने होत नाहीये’ म्हणून रडत होतीस तेव्हा त्या हिशोबाने तुझं खरं बाळंतपण नुकतं सुरू होत होतं. हे तेव्हा कोणीतरी पलंगाशी येऊन सांगायला हवं होतं.

मैत्रिणीला अजून एक सांग, मला हे नंतर कळलं आणि आधी कळलं असतं तर बरं झालं असतं. चार मिनिटांनी एक कळ येत असेल आणि ती मिनिटभर राहत असेल तर तीन मिनिटं रिकामी असतात. आपण ती तीन मिनिटं पुढच्या कळेची धास्ती घेण्यात घालवतो, खांदे कानापर्यंत चढवून. खरं तर कळ चालू असताना पिशवीचे स्नायू आवळले जातात तेव्हा वारेकडे (जिच्यातून बाळाला रक्तातला ऑक्सिजन मिळतो) जाणारं रक्त कमी होतं आणि कळ सुटली की परत भरभरून जातं, म्हणजे ती मधली सुट्टी बाळाचाही श्वास असतो. तेव्हा जबडा सैल सोडायचा, हात सैल सोडायचे, जमलं तर डोळे मिटायचे. मी दोन मिनिटांच्या मधल्या वेळात चक्क घोरले होते असं नवरा सांगतो. मला तो खोटं बोलतोय असंच वाटतं, पण असो.

एपिड्युरल. तू लिहिलंस ‘मीच मागितलं’ आणि त्या ‘मीच’वर किती वजन टाकलंयस बघ. दुखतं म्हणून औषध मागितलंस, चोरी केली नाहीस. १८४७ मध्ये जेम्स सिम्प्सन या स्कॉटिश डॉक्टरांनी बाळंतपणात क्लोरोफॉर्म वापरायला सुरुवात केली तेव्हाही लोक म्हणालेच की बाईने हे सोसायचंच असतं, आणि मग १८५३ मध्ये राणी व्हिक्टोरियाने आठव्या बाळाच्या वेळी डॉक्टर जॉन स्नो यांच्याकडून रुमालावर क्लोरोफॉर्म घेतला, तेही आधीची सात काही न घेता झालेली असताना. तिला काय कोणाला दाखवायचं होतं. तर मैत्रिणीला हे असं सांग की घेणार की नाही ते आत्ता कोणाला जाहीर करू नकोस, दोन्ही दारं उघडी ठेव. एपिड्युरल पाठीच्या खालच्या भागात देतात, देताना पाठ धनुष्यासारखी वाकवून अजिबात न हलता बसावं लागतं आणि नेमकी तेव्हाच कळ येते, परिणाम व्हायला साधारण २० मिनिटं लागतात, बीपी खाली येऊ शकतं म्हणून सारखं मोजतात, कधी कधी एकाच बाजूला लागतं आणि परत ॲडजस्ट करावं लागतं. जोर लावायचा टप्पा लांबतो हे खरं. सिझरचं प्रमाण त्याने वाढत नाही, हे कॉक्रेन या संशोधन तपासणाऱ्या संस्थेच्या २०१८ च्या रिव्ह्यूत सगळे अभ्यास एकत्र करून बघितलंय. व्हॅक्युम किंवा फोर्सेप्स (चिमटा) जास्त लागतात असं जुन्या अभ्यासांत दिसायचं, २००५ नंतरच्या अभ्यासांत तो फरक उरलेला नाही. तेव्हा ‘मी एपिड्युरल घेतलं म्हणून व्हॅक्युम लागला’ असं जर तू रात्री तीन वाजता स्वतःला सांगत असशील (सांगत असशीलच) तर ते इतकं सरळ नसतं.

जोर लावायचं म्हणशील तर तुझी २ तास २० मिनिटं पहिल्या बाळासाठी आत बसतात, साधारण ३ तासांपर्यंत हे चालू शकतं. आणि मैत्रिणीला प्लीज सांग की तो जोर संडासला लावतात तसाच असतो, तेच स्नायू, आणि त्या वेळी थोडी संडास होऊनही जाते, बऱ्याच जणींना होते, सिस्टर पुसून टाकतात आणि कोणी त्याच्यावर बोलतसुद्धा नाही. मी त्या भीतीने पहिला अर्धा तास जोरच धरून धरून लावला, काय मूर्खपणा. मग डोकं दिसायला लागलं की गोल कडेने आग होते, चटका बसल्यासारखी, आणि तिथे डॉक्टर म्हणतात आता जोर लावू नको, हा हा करत छोटे श्वास घे. सगळं शरीर ढकल म्हणत असतं आणि बाहेरून थांब म्हणतात. ते थांबणं महत्त्वाचं असतं कारण कातडीला ताणायला वेळ मिळतो. त्या वेळी तिथे कोमट ओला कपडा धरला तर मोठं फाटणं कमी होतं असं दिसून आलंय, हे ती डॉक्टरांशी आधी बोलू शकते, तसंच वाट मोठी करायला देतात ती चीर कधी देणार, सरसकट देता का, हेही विचारू शकते, आता ती सरसकट देऊ नये असाच सल्ला आहे. तरी पहिल्या वेळी १० पैकी जवळजवळ ९ जणींना खरचटणं, फाटणं किंवा चीर काहीतरी होतंच, बहुतेक वेळा छोटं. टाक्यांनंतर पहिल्यांदा सू करताना वरून कोमट पाणी ओतत बसायचं, कमी चुरचुरतं, हे असलं बारीक सांगणारी एक मैत्रीण असावी. तुझे टाके ११ आठवड्यांनंतरही दुखत असतील तर मात्र ‘असतंच असं’ म्हणून सोडू नकोस, दाखव.

ओरडण्याचं काय सांगू. मी ओरडले, शेजारच्या खोलीतली ओरडत होती, तिच्यामुळे मला धीर आला. फक्त एक ट्रिक आहे, किंचाळलं की आवाज घशात अडकतो आणि मान-खांदे आखडतात, त्याऐवजी खालून, छातीतून, म्हशीसारखं हंबरलं तर श्वास पूर्ण बाहेर जातो. ऐकायला भयंकर वाटतं. वाटू दे.

मग वार पडते, बहुतेक वेळा अर्ध्या तासाच्या आत, जास्त रक्त जाऊ नये म्हणून त्याआधी एक इंजेक्शन देतात. बाळाला पहिल्या आणि पाचव्या मिनिटाला मार्क देतात, रंग, ठोके, रडणं, हालचाल, श्वास, प्रत्येकाला २ पैकी. ही पद्धत १९५२ मध्ये व्हर्जिनिया ॲपगार यांनी काढली, त्या भूल देणाऱ्या डॉक्टर होत्या. बाळासाठीच आहेत गं ते मार्क. तू तुझे स्वतःचे काढत बसलीयस.

आणि आता ते छातीवरचं बाळ. हे तू नवऱ्यालाही सांगितलं नाहीस आणि इथे लिहिलंस त्याबद्दल थँक यू. १९८० मध्ये लंडनच्या दोन संशोधकांनी पहिलटकरणींना हेच विचारलं होतं, बाळाला पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा काय वाटलं, आणि जवळजवळ ४० टक्के जणी म्हणाल्या फारसं काहीच नाही. ४० टक्के! म्हणजे तुझ्या आजूबाजूला ज्या ‘बाळाला बघताच डोळे भरून आले’ म्हणतात त्यांच्यातही तू आहेस त्या गटातल्या काही नक्की असणार. रात्री २ पासून जागी, पोट रिकामं, अंगात औषधं, खाली टाके चालू, त्यात माया कुठून उसळणार, झोपच उसळणार. मला माझ्या मुलाबद्दल काहीतरी वाटलं ते नवव्या की दहाव्या दिवशी, ते पण काय तर त्याने जांभई दिली आणि शेवटी आवाज काढला, म्हाताऱ्या माणसासारखा, आणि मला हसू आलं, आणि मग लक्षात आलं की मी त्याच्याकडे बघत बसलीय. त्याआधी मी त्याला दूध पाजत होते, लंगोट बदलत होते, तो नीट श्वास घेतोय का बघत होते, आणि मनात काही नाही. तुझ्या पत्रात बाळाबद्दल आता काय वाटतं ते नाहीये. वाटत असेल काहीतरी तर छान, आणि अजूनही कोरडंच असेल तर खालचं जास्त लक्ष देऊन वाच.

ती सिस्टर. हे मी मुद्दाम वेगळं ठेवलं होतं. कळा, टाके, व्हॅक्युम हे बाळंतपणात येतं, ‘तुला एकटीलाच मूल होतंय का’ हे येत नाही. ते बाळंतपणाचा भाग नाही, ते वाईट वागणं आहे. प्रसूतीच्या वेळी बायकांचा अपमान होऊ नये म्हणून जागतिक आरोग्य संघटनेला २०१४ मध्ये वेगळं निवेदन काढावं लागलं, यावरून बघ किती ठिकाणी किती जणींना असं ऐकावं लागत असेल. आणि बाई कमरेखाली उघडी, पाय वर, हाताला सुई असताना बोललेलं वाक्य साधं वाक्य राहत नाही, ते आत जाऊन बसतं. तुला वाटलं तर हॉस्पिटलला लेखी कळव, नाही वाटलं तर नको, तो निर्णय तुझा. पण एक मी नक्की सुचवेन, तुझ्या फाइलची कॉपी माग आणि तुझ्या डॉक्टरांची वेगळी अपॉइंटमेंट घेऊन बस, बाळाची नाही, तुझी. विचार की किती वाजता काय झालं, व्हॅक्युम का लावला, बाळाचे ठोके कमी झाले होते की मी दमले होते म्हणून. तुझ्या डोक्यात आत्ता तुकडे आहेत, बीप, दिवा, ते वाक्य. ते वेळेप्रमाणे ओळीने लागले की बऱ्याच जणींना बरं वाटतं.

मैत्रिणीला या सिस्टरबद्दल सांगायचं तर एका कामाच्या रूपात सांग, की आत सोबत कोण असणार ते ठरव आणि त्या माणसाचं काम फक्त हात धरणं नाही. प्रश्न विचारणं, ‘तिला दोन मिनिटं द्या’ म्हणणं, कोणी टाकून बोललं तर ‘असं बोलू नका’ म्हणणं, पाणी देणं. सलग कोणीतरी सोबत असलं तर कळांचा वेळ थोडा कमी होतो आणि सिझरही कमी होतात, १५,००० हून जास्त बायकांवरच्या अभ्यासांचा २०१७ चा रिव्ह्यू आहे हा. हॉस्पिटल सोबत येऊ देतं का ते तिने आत्ताच विचारावं, कळा सुरू झाल्यावर दारात वाद घालायची ती वेळ नसते.

आता मायक्रोवेव्ह. बाळ झाल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी कारण नसताना रडू येतं, ते बहुतेक जणींना होतं आणि दोनेक आठवड्यांत ओसरतं. तुझं ते नाही, ११ आठवडे झालेत. एखादा आवाज आला की परत त्या खोलीत गेल्यासारखं होणं, हात गार पडणं, त्याबद्दल बोलणं टाळणं, हे अवघड बाळंतपणानंतर काही जणींना होतं, आणि तू वेडी झालीस असा त्याचा अर्थ नाही, मनाला तो प्रसंग अजून संपलेला वाटत नाही एवढाच आहे. त्यावर चांगले उपचार आहेत. डॉक्टरांना हे मायक्रोवेव्हचं वाक्य जसंच्या तसं सांग, ‘थोडं टेन्शन असतं’ असं सौम्य करून नको, तुला सौम्य करून सांगायची सवय आहे ते दिसतंच आहे. ते तुला कदाचित बाळंतपणानंतरचं नैराश्य ओळखायचा १० प्रश्नांचा एक छोटा फॉर्म देतील, एडिनबरा स्केल म्हणतात, १९८७ पासून वापरात आहे, पाच मिनिटांत भरून होतो. त्यात खरं लिही. बाळ झोपलेलं असतानाही तुला झोप येत नसेल, कशातच मन लागत नसेल तर ते पण सांग. आणि स्वतःला किंवा बाळाला काही करावं असा विचार एकदा जरी चाटून गेला असेल तर अपॉइंटमेंटची वाट बघू नकोस, आजच घरातल्या कोणाला तरी सांग आणि त्यांना घेऊन डॉक्टरांकडे जा.

नवऱ्याला सांगायचं का? मी सांगेन. पण रात्री भांडताना नाही.

मैत्रिणीला फोन कर, मेसेजवर नको, आणि दिवसा कर. आधी तिलाच विचार की तुला नक्की कशाची भीती वाटते, कदाचित ती भलतंच काहीतरी सांगेल, मला स्वतःला सगळ्यात जास्त भीती वाटत होती ती सलाइनच्या सुईची. ती जे विचारेल तेवढंच आधी सांग, मग म्हण अजून सांगू का. ‘माझं असं झालं’ म्हण, ‘असंच असतं’ म्हणू नकोस, तिचं वेगळं होईल, कमी नाहीतर जास्त, सिझरही होऊ शकतं. व्हॅक्युमचं सांग, एपिड्युरल मागितलंस ते सांग, हुडहुडी सांग, संडासचं तर सांगच. छातीवरच्या बाळाचं तुला आज सांगवत नसेल तर राहू दे, नंतर सांग, पण ती बाळंत झाल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी तिला फोन करून हे नक्की सांग कारण तेव्हा तिला ते लागू शकतं.

आणि बॅगेत जाड मोजे टाकायला सांग. दोन जोड, एक ओली होते.